भिवाची उपसूचना

भोईवाड्यातल्या त्या चाळीला ठराव करण्याचे वेड लागले ते छप्पन सालापासून. संयुक्त महाराष्ट्रासाठी चाळीतली माणसे मोर्चांना गेली, सभांना गेली, काही जण तुरुंगातही जाऊन आले. आणि परत येताना एक नवी विद्या घेऊन आली. कुणीतरी ठराव मांडायचा, कुणीतरी त्याला अनुमोदन द्यायचे, मग हात वर. नळावर पहिली घागर कुणाची, जिन्याच्या भिंतींना चुना कधी लावायचा, सगळे याच रीतीने ठरू लागले. सुंदराबाईच्या कोंबड्यांना दुसऱ्या मजल्यावर फिरकण्यास मनाई करणारा ठराव एकमताने मंजूर झाला, तेव्हा सुंदराबाईने स्वतःदेखील हात वर केला होता. कोंबड्यांनी तेवढा तो मानला नाही.

साठ सालच्या जूनमध्ये, नवे राज्य जेमतेम महिन्याचे झाले असताना, याच चाळीत भिवाविषयी ठराव यायचा होता.

भिवा हा दगडूचा एकुलता एक मुलगा. दगडू गिरणीत सूतकताईच्या खात्यात होता आणि चाळीच्या मंडळाचा अध्यक्षही होता. भिवा इंटर सायन्सला इतक्या चांगल्या गुणांनी पास झाला की दोन वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला जागा देऊ केली. एक परळचे, केईएम रुग्णालयाला लागून असलेले. ते चाळीपासून इतके जवळ होते की घरी पेटवलेली बिडी फाटकाशी पोचेपर्यंत विझत नसे. दुसरे नागपूरचे. सोमवारी दुपारपर्यंत दोहोंपैकी एका ठिकाणी होकार द्यायचा होता.

चाळीच्या मते यात निवडण्यासारखे काही नव्हतेच. "घराच्या दाराशी गंगा असताना काशीला कोण जातो?" असे मंडळाचे सेक्रेटरी नाना म्हणाले, आणि मग आपण चार वर्षांपूर्वी नागपूरलाच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली हे आठवून, गंगा आणि काशी दोन्ही मागे घेतली. "म्हणजे मतलब असा, की परळच!"

पण भिवाला नागपूरला जायचे होते.

ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती. भिवा बोलायला भिडस्त होता. मनातले वाक्य ओठांशी येईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असे. शिवाय नागपूर हवे असण्याचे कारण इतके चमत्कारिक होते की ते सांगताना आपण कृतघ्न ठरू, अशी त्याला धास्ती वाटे.

भिवा तेरा-चौदा वर्षांचा असल्यापासून चाळीचा 'सोबती' होता. चाळीत कुणी आजारी पडले की पहिली हाक त्यालाच येई. तो रुग्णाबरोबर केईएमला जाई, रांगेत उभा राही, केसपेपर काढी, डॉक्टर इंग्रजीत काय बोलले ते ऐकून जिने उतरता उतरता मराठीत सांगे. मिक्श्चरच्या बाटलीला चिकटवलेल्या कागदी पट्टीवरून घोट कसे मोजायचे ते त्यानेच सगळ्यांना शिकवले. त्याला हाक मारली नाही असे दुखणे चाळीत झाले नाही, आणि हाकेला तो गेला नाही असेही कधी झाले नाही. 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर कधी रुजलाच नव्हता.

इंटरच्या रसायनाच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी पहाटे नाना छाती धरून भिवाच्या दारात उभे राहिले होते. भिवा त्यांना घेऊन गेला. छातीत काही नव्हते, रात्रीचे वाल बाधले होते. नाना ढेकर देऊन मोकळे झाले आणि भिवा परीक्षेला धापा टाकत पोचला तेव्हा बाकीच्या मुलांच्या नळ्यांत रंग बदलूनही गेले होते. परीक्षकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि आत घेतले. घेतले नसते तर? या प्रश्नाने पुढे कित्येक दिवस त्याला अन्न गोड लागले नाही. त्याने हे घरी सांगितले नाही, आणि नानांना तर नाहीच.

परळला राहिलो तर पुढची पाच वर्षे कशी जातील, हे त्याला स्वच्छ दिसत होते. तो शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभा असेल आणि फाटकाशी कुणीतरी त्याचे नाव घेऊन विचारत असेल. तो जाईल. रागाने नाही, प्रेमानेच जाईल. आणि एक दिवस त्याच्या लक्षात येईल की आपण डॉक्टर झालो नाही, नुसते सोबती राहिलो. ज्या माणसांवर आपला जीव आहे त्यांच्यापासून काही काळ दूर गेल्याशिवाय आपण त्यांच्या कामाचे होणार नाही, हे दुःख त्याच्या मनात संध्याकाळच्या धुरासारखे साचून राहिले होते.

नागपूर त्याने एकदाच पाहिले होते, दीक्षेच्या वेळी, वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, हात सुटल्यावर. पंधरा वर्षांचा भिवा लाखो माणसांत पांढऱ्या कपड्यांच्या समुद्रातून दुपारभर एकटा हिंडला होता. त्या अफाट गर्दीत त्याला कुणीही हाक मारली नव्हती. त्या मोठ्या उजळ आकाशाखाली त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपलाच आवाज आत ऐकला होता, आणि तो त्याला आवडला होता.

शनिवारी सकाळी तो सुंदराबाईला घेऊन केईएमला गेला. सुंदराबाई त्यांच्या शेजारच्या खोलीत एकटी राहणारी विधवा, दम्याने पोखरलेली. सत्याग्रहात धरून नेले तेव्हा तिने पोलिसाला सांगितले होते, "गाडीत खिडकीपाशी बसव, नाहीतर तुझ्याच अंगावर मरेन," आणि पोलिसाने निमूट जागा दिली होती. रांगेत बाकावर बसून ती श्वास गोळा करत होती. मध्येच म्हणाली, "भिवा, उद्या तुजा सत्कार हाय म्हनं."

"हो, मावशी."

"ठरावबी हाय."

"हो."

"तुला कुटं जायचं हाय?"

भिवाने तिच्याकडे पाहिले. दोन आठवडे चाळीत दुसरा विषय नव्हता, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. घरात नाही, नळावर नाही, जिन्यात नाही. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, "नागपूरला."

शब्द बाहेर पडला आणि त्याला एकदम गार वाटले.

सुंदराबाईने हातातल्या केसपेपरची नीट घडी घातली. तिचा नंबर आला, आत गेली, बाहेर आली. परतताना भोईवाड्याच्या कोपऱ्यापर्यंत तिने त्याच्या दंडाचा आधारही घेतला नाही, भिंतीला धरून चालली. आपण म्हातारीचे मन मोडले, असे भिवाला वाटले.

त्या संध्याकाळी त्याने आप्पांना गाठले. दगडू पाळी संपवून आला होता; भुवयांवर कापसाचे तंतू तसेच होते.

"आप्पा, कॉलेजचं थोडं बोलायचं होतं."

दगडूने हात वर केला. "थांब. उद्या सभेत विषय हाय. अध्यक्ष मी हाय. अध्यक्षानं आधी ऐकून घेतलं तर त्याची बाजू होते. नाना मग बोंब मारंल."

"मी तुमचा मुलगा आहे, आप्पा."

"म्हनून तर जास्त." दगडू हसला, पण डोळे त्याने दुसरीकडे वळवले. "जे काय हाय ते सभेत बोल. हिंमत करून बोल."

चुलीपुढे बसलेली आई, राधा, भाकरी उलटता उलटता म्हणाली, "त्यात बोलायचं काय? दुपारी जेवायला घरी येईल पोरगं. एवढंच मला समजतं." आणि भाकरी अशी फुगली, की तिला उत्तर देणे भिवाला क्रूरपणाचे वाटले.

रविवारी दिवस कलताना अंगणात ताडपत्री बांधली. आभाळ भरून आले होते, पण त्याने चाळीचा मान राखला. एका टेबलावर निळे कापड, त्यावर बुद्धाची लहान मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, मागे एक खुर्ची अध्यक्षाची आणि एक नानांची. पुरुष पुढे बसले, बायका मागे पायऱ्यांवर. त्रिशरण झाले. मग नानांनी टेबलावरची घंटा वाजवली. कोपऱ्यावरच्या इराण्याने मोडीत काढलेली ती घंटा नानांनी मागून आणली होती आणि ती वाजवताना त्यांचा चेहरा फार गंभीर होई.

"अध्यक्षमहाराज, बंधू आणि भगिनींनो! आपल्या चाळीचा सुपुत्र भिवा दगडू याने आपल्या सर्वांची मान उंच केलेली आहे. त्याबद्दल त्याचा सत्कार करण्यात येईल. तत्पूर्वी ठराव. 'ही सभा असे ठरविते की, चिरंजीव भिवा याने परळ येथील वैद्यकीय महाविद्यालयातच शिक्षण घ्यावे, जेणेकरून चाळीस त्याचा निरंतर लाभ होईल.' "

"निरंतर म्हंजी?" पायऱ्यांवरून रखमा म्हणाली. पहिल्या मजल्यावरच्या या तरण्या सुनेची जीभ चाळीत प्रसिद्ध होती.

"कायमचा."

"मग पोराचं लगीनबी परळातच लावून टाका ठरावात!"

हशा पिकला. नानांनी घंटा वाजवली. "शिस्त! शिस्त! एवढी भांडून मुंबई घेतली आपण, ती काय सोडून जायला? मतदानास टाकतो. हात..."

"मला बोलायचं आहे," भिवा म्हणाला.

आवाज इतका हळू होता की तो पुढच्या दोन रांगांपलीकडे गेला नाही. पण दगडूने तो ऐकला. तो खुर्चीत सरळ झाला. "नाना, थांबा. कुणीतरी बोलायला उठलंय."

"आभाराचं भाषण सत्कारानंतर, भिवा. कार्यक्रमपत्रिकेत..."

"आभार नाही, नाना. ठरावाला माझी उपसूचना आहे."

उपसूचना हा शब्द चाळीला ठाऊक होता. मोठ्या सभांत मोठी माणसे तो वापरीत. मूळ ठरावात बदल सुचवायचा तर तोच मार्ग होता. चाळीच्या चार वर्षांच्या कारकिर्दीत मात्र कुणी ती आणली नव्हती. नाना अध्यक्षांकडे पाहू लागले. दगडू म्हणाला, "नियमात हाय. मांड."

भिवा टेबलापाशी जाऊन उभा राहिला. त्याने पाहिले तर समोर सगळी ओळखीची तोंडे होती, आणि प्रत्येक तोंडाआडचे दुखणे त्याला ठाऊक होते. हा पोटाचा, ही डोळ्यांची, त्यांना साखरेचा विकार. त्याला एकदम त्यांच्याविषयी इतकी माया वाटली की वाटले, बसावे खाली, होऊ दे मंजूर. मग नागपूरच्या त्या दुपारचे आकाश त्याच्या डोळ्यांपुढे आले.

"चार वर्षं आपण एकच गोष्ट सांगत होतो," तो म्हणाला. "मुंबईचं काय करायचं ते दिल्लीत बसून ठरवू नका. मुंबईत राहणाऱ्याला विचारा. नाना, हे वाक्य मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही याच अंगणात, याच टेबलावर उभे होतात. तेव्हा अंगावर काटा आला होता."

नानांची मान आपोआप थोडी ताठ झाली.

"आज ठराव माझ्याविषयी आहे. मला कुणी विचारलं का?"

ताडपत्री वाऱ्याने एकदा फुगली आणि बसली.

"मला नागपूरला जायचं आहे. तुम्ही म्हणाल, परळ वाईट आहे का? नाही. त्या कॉलेजात जागा मिळावी म्हणून लोक नवस करतात. परळ फार चांगलं आहे, आणि फार जवळ आहे. तुम्ही हाक माराल आणि मी येईन. मला 'नाही' म्हणता येत नाही. हा तुमचा दोष नाही, माझाच आहे. पण इथं राहिलो तर मी डॉक्टर होणार नाही. रांगेतला पोरगाच राहीन." त्याने श्वास घेतला. "इंटरच्या प्रॅक्टिकलला मी उशिरा पोचलो होतो. अर्धा पेपर होऊन गेला होता. त्या पहाटे मी केईएममध्ये होतो. कुणाबरोबर, ते सांगत नाही."

नानांचा हात घंटेवर होता. तो तिथेच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेले, आणि घंटा न वाजता टेबलावर आडवी झाली.

"आणि नागपूर परकं आहे का?" भिवाचा आवाज आता शेवटच्या पायरीपर्यंत जात होता, त्याचे त्यालाच नवल वाटत होते. "एक मेला या अंगणात रांगोळीनं महाराष्ट्राचा नकाशा मीच काढला. तुम्ही म्हणालात, उजवीकडे अजून ओढ, विदर्भ आखूड झाला. मी ओढला. मग ज्याच्यासाठी रांगोळी संपवली तिथं राहायला जायचं म्हटलं तर ते मुंबई सोडणं कसं? एकाच घरातल्या आतल्या खोलीत जाण्यासारखं आहे ते. माझी उपसूचना अशी, की ठरावातला 'परळ' शब्द काढून तिथं 'नागपूर' घालावा."

तो थांबला. आता अनुमोदक हवा होता. अनुमोदन नसेल तर उपसूचना मतदानाला जात नाही, जागच्या जागी पडते. हा नियम चाळीतल्या पोरासोरांनाही पाठ होता.

कुणी उठेना. पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. बोलणे पटले होते, पण उद्या रांगेत कोण उभे राहणार, हेही प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसत होते. दगडूने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. अध्यक्षाला अनुमोदन देता येत नव्हते. "अनुमोदन?" त्याने विचारले. मग पुन्हा, जड आवाजात, "कुणाचं अनुमोदन?"

"माजं."

सगळी डोकी मागे वळली. पायऱ्यांवरून सुंदराबाई कठड्याला धरून उठत होती.

नाना चाचरले. "मावशी, तुमचं? अहो, तुम्हांला तर दर शनिवारी..."

"मलाच तर. मग मी नको तर कोन?" तिने दम घेतला. "आडवं पडलं की धाप लागते. दोन उशा लागतात. पहाटं खोकला, कफ पांढरा. चार वर्सं हे पोर डॉक्टरला सांगतंय, मी शेजारी बसून ऐकतेय. मला काय कान न्हाईत? काल भित धरून चालून बघितलं मी. केईएमपासून कोपऱ्यापर्यंत आले. मेले न्हाई." पुन्हा दम. "आपन या पोराची काठी केलीय, नाना. काठीला कदी पालवी फुटली बघितलीस?"

भिवाला कालची तिची चाल आठवली; तो रुसवा नव्हता.

"अनुमोदन मिळालं," दगडू म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता, तो त्याने खाकरून सांधला. "उपसूचना मताला टाकतो."

पुरुषांतून काही हात वर झाले, काही झाले नाहीत. नाना मोजू लागले. मागून रखमा ओरडली, "ओ सेक्रेटरी, इकडचे हात कोन मोजनार?"

"बायकांचे मोजायची वहिवाट नाही..."

"मोर्च्यात डोकी मोजली तवा आमची धरली होती ना? पेपरात आकडा मोठा दिसावा म्हनून?"

हशा उसळला. नाना टेबलामागून बाहेर आले. जरा लंगडत (छप्पन साली लाठी गुडघ्यावर बसल्यापासून ते तसे चालत) ते पायऱ्यांपर्यंत गेले, आणि एकेका हाताकडे बोट दाखवत मोजू लागले. हात वरच्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत गेले होते. पिठाचे, हळदीचे, पोर कडेवर घेतलेले. सगळे मोजून झाल्यावर नाना क्षणभर थांबले. मग त्यांनी स्वतःचा हात वर केला आणि तोही मोजला.

"विरोधात?" दगडूने विचारले.

एकच हात वर आला. पायऱ्यांच्या कडेला बसलेल्या राधाचा.

दगडू आपल्या बायकोकडे पाहत राहिला. तिने हात खाली घेतला नाही, डोळेही पुसले नाहीत. "मोज की," ती म्हणाली. "आई हाय मी त्याची. माजा विरोध लिवून ठेवा."

"विरोधात एक," दगडू म्हणाला. "उपसूचना बहुमतानं मंजूर. भिवा दगडू नागपूरला जानार."

मग जो आवाज उठला, तसा त्या अंगणात एक मेच्या रात्रीनंतर उठला नव्हता. कुणी हार घातला, कुणी त्याला उचलले. नानांनी टेबलावर मूठ आपटून गर्जना केली, "नागपूरसह संयुक्त महाराष्ट्र!" आणि चाळीने आढे उडून जाईल अशी साथ दिली, "झालाच पाहिजे!"

"झालाय की," रखमा म्हणाली, पण तिचे कुणी ऐकले नाही.

माणसांच्या खांद्यांवर भिवा हेलकावत होता. इतके दिवस ज्या आवाजाला तो हाक समजून धावत गेला, तोच आवाज आज त्याला पुढे ढकलत होता. त्याला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या तळाशी एक बारीकशी कळ होती. ती जाऊ नये असेही त्याला वाटत होते.

खाली उतरल्यावर तो गर्दीतून वाट काढीत आईकडे गेला. राधाने त्याच्या गळ्यातल्या हाराचा चुरगळलेला झेंडू सरळ केला.

"आये, तुझा राग..."

"राग कसला? मत दिलं. पडलं." ती उठली, पदर खोचला आणि जिन्याकडे वळली. "चल, वर चल. तिकडं थंडी लई पडते म्हनं. पेटीत गोधडी दोन घालू का तीन, ते आधी सांग."